चालू काळाच्या गोष्टी : इमारत आधीं कीं काम आधीं?

नाशकांतील पांढरपेशा वस्तींत "मुलगा कोठें असतो?" असें कोणीं विचारलें, तर "पुण्यास" किंवा "बंगळुरास" असें उत्तर येतें, आणि त्यामागून लागलीच दुसरें वाक्य येतें, "काय करणार, येथें आयटी नाहीं ना!" गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, कोणत्याही भागांत जावें, नीटनेटक्या घरांत दोन वृद्ध माणसें राहतात, एक खोली मुलाच्या किंवा मुलीच्या नांवानें झाडूनपुसून ठेवलेली असते, आणि गणपतींत व दिवाळींत तेवढी तिला जाग येते. या स्थितीचा दोष कोणा एकाच्या माथीं मारण्यासारखा नाहीं. मुलें शिकलीं, जें शिकलीं त्याला पुरेल इतकें काम येथें नव्हतें, जेथें काम होतें तेथें तीं गेलीं. पण आईबापांचें वय वाढत जातें, दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात, आणि मग हा प्रश्न केवळ धंद्याचा न राहतां घराचा होतो.

यावर उपाय म्हणून "सरकारनें येथें आयटी आणावी" अशी मागणी गेलीं वीस-पंचवीस वर्षें होत आली आहे, आणि निवडणुकीच्या सुमारास तिला आश्वासनही मिळत आलें आहे. मात्र सरकार एखादा धंदा एखाद्या गांवीं आणतें म्हणजे नेमकें काय करतें, त्यांतील कोणत्या गोष्टीनें धंदा खरोखर येतो आणि कोणत्या गोष्टीनें नुसती कोनशिला बसते, याचा विचार फारसा झालेला दिसत नाहीं. तो या वेळीं करावयाचा आहे.

प्रथम हा धंदा कसा आहे तें पाहूं. साखरेच्या कारखान्यास ऊस जवळ लागतो. कापडाच्या गिरणीस एके काळीं दमट हवा व बंदर लागे. आयटीस यांतील कांहींच लागत नाहीं. तिचा कच्चा माल म्हणजे शिकलेलें माणूस, आणि तिचें बंदर म्हणजे तार. एक उदाहरण घेऊं. ब्रिटिश एअरवेज या विमानकंपनीनें आपलें कचेरींतील हिशेबठिशेबाचें काम करून घेण्यासाठीं १९९६ सालीं मुंबईस एक शाखा काढली. तिचीच पुढें डब्ल्यूएनएस ही स्वतंत्र कंपनी झाली, ती इतरांचींही तशीं कामें घेऊं लागली, आणि तिनें नाशकांतही आपलें कार्यालय थाटलें. विलायतेंतल्या कारकुनाचें टेबल अशा रीतीनें कसारा घाट चढून गोदाकांठीं आलें. २०२५ सालीं ही कंपनी कॅपजेमिनी या फ्रेंच कंपनीनें विकत घेतली. घरचें काम बाहेरच्याकडून करून घेणें यालाच आउटसोर्सिंग म्हणतात. आपण दळण गिरणीवर देतों, शिवण शिंप्याकडे देतों, त्यांतलाच हा प्रकार; फरक इतकाच कीं, येथें गिऱ्हाईक सात समुद्रांपलीकडे असतें.

हा धंदा आपल्या देशांत येऊं लागला तेव्हां त्याची पहिली अडचण पैशाची नव्हती, कायद्याची होती. निर्यात म्हटली कीं माल बंदरांतून जातो, जकातीचा अधिकारी तो पाहतो, आणि मग बाहेरचा पैसा आंत येतो. तारेंतून जाणाऱ्या मालाला बंदर कोणतें, आणि अधिकाऱ्यानें पाहावयाचें तें काय? शिवाय तार तरी कोठें होती? १९८५ सालीं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी बंगळुरास आली तेव्हां उपग्रहामार्फत परदेशाशीं बोलण्याची सोय तिला मुद्दाम उभी करून घ्यावी लागली. १९९१ सालीं केंद्र सरकारनें 'सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया' ही संस्था काढली आणि या दोन्ही गांठी सोडविल्या. तिनें उपग्रहाचीं केंद्रें बसवून लहान कंपन्यांसही दळणवळण भाड्यानें दिलें. आणि 'सॉफ्टेक्स' नांवाच्या पत्रकावर शिक्का मारून, "हा न दिसणारा माल खरोखर परदेशीं गेला" अशी ग्वाही देण्याचें कामही अंगावर घेतलें. याच्या जोडीला निर्यातीच्या नफ्यावरील प्राप्तिकराची माफी होती, ती ३१ मार्च २०११ पर्यंत चालली. पुणें हें या संस्थेच्या अगदीं आरंभीच्या केंद्रांपैकीं एक. नाशकांतही पुढें तिचें केंद्र झालें. सरकारनें या धंद्यासाठीं जें जें केलें त्यांत हेंच अधिक मोलाचें, असें आम्हांस वाटतें. कारण त्यांत देणगी देण्यापेक्षां वाटेंतील धोंडा उचलणें अधिक होतें.

केंद्र सरकारनें दार उघडल्यावर राज्यांची चढाओढ सुरू झाली. महाराष्ट्रानें १९९८ सालीं आपलें आयटी धोरण जाहीर केलें, आणि पुढें २००३, २००९, २०१५ व २०२३ या सालीं तें नवें केलें. या धोरणांची भाषा जड आहे, पण आशय घरगुती आहे. ज्या जागेवर जितकें बांधकाम करण्याची मुभा असते त्याहून पुष्कळ अधिक, कांहीं ठिकाणीं दुप्पटही, आयटीच्या इमारतीस करूं द्यावयाचें. यास वाढीव चटईक्षेत्र म्हणतात. जमिनीच्या खतावरील मुद्रांकशुल्क माफ करावयाचें किंवा कमी घ्यावयाचें. वीज दुकानाच्या दरानें न देतां कारखान्याच्या दरानें द्यावयाची, आणि तिजवरील सरकारी शुल्क कांहीं वर्षें सोडावयाचें. घरपट्टी व्यापारी दरानें न घेतां राहत्या घराच्या दरानें घ्यावयाची. आणि मुंबई-पुण्यापासून जितकें दूर जावें तितका सवलतींचा हात सैल करावयाचा, म्हणजे कंपन्या मागें पडलेल्या भागांकडे वळतील. हें शेवटचें तत्त्व महाराष्ट्रांत नवें नाहीं. १९६४ पासून कारखान्यांसाठीं जी प्रोत्साहन योजना चालत आली आहे तिचा तोच पाया आहे.

यांतील प्रत्येक सवलत कोणाच्या तरी खिशांतून जाते, हें आपण विसरतों. सोडलेली घरपट्टी म्हणजे नगरपालिकेच्या तिजोरींत न आलेला पैसा, आणि तो शेवटीं आपल्याच गल्लींतील दिव्यांत व गटारांत कमी पडतो. वाढीव चटईक्षेत्राचा लाभ तर आयटीवाल्यापेक्षां इमारत बांधणाराच्या पदरांत अधिक पडण्याचा संभव असतो. मुंबईंत आयटीच्या नांवानें उठलेल्या कांहीं इमारतींत दुसरेच धंदे चालल्याच्या तक्रारी झाल्या, त्या यामुळेंच.

एक सवलत अशी आहे कीं ती पैशांत मोजतां येत नाहीं, आणि ती घरोघरच्या मुलींशीं निगडित आहे. अमेरिकेंत सकाळ असते तेव्हां आपल्याकडे रात्र असते. म्हणून परदेशी गिऱ्हाइकाचें काम रात्रीं चालतें. १९४८च्या मुंबई दुकानें व आस्थापना कायद्यानें स्त्रियांस रात्रीं उशिरां कामावर ठेवण्यास बंदी होती. आयटी कंपन्यांसाठीं राज्य सरकारनें ती शिथिल केली, आणि २०१७च्या नव्या कायद्यानें रात्रीं साडेनऊ ते सकाळीं सात या वेळांत स्त्रीस तिच्या संमतीनें, आणि संरक्षणाची व्यवस्था असेल तरच, कामावर बोलाविण्याची मोकळीक दिली. या मोकळिकीनें हजारों मुलींच्या हातीं स्वतःची कमाई आली, हें निःसंशय चांगलें झालें. पण २००७ सालीं पुण्यांत अशाच रात्रपाळीस निघालेल्या एका तरुणीवर, कंपनीनें ठरविलेल्या गाडीच्या चालकानें व त्याच्या साथीदारानें अत्याचार करून तिचा खून केला, हेंही विसरतां येत नाहीं. कायद्याची एक ओळ सरकार खोडतें तेव्हां त्या ओळीनें जें रक्षण होत होतें तें दुसऱ्या मार्गानें करण्याचें ओझें त्याच्यावर येतें. कंपनीस सवलत दिल्याची बातमी पहिल्या पानावर येते. गाडी कोणाची, चालकाची चौकशी कोणीं केली, मुलीस शेवटीं उतरवून देतात कीं आधीं, हे प्रश्न मात्र आईनेंच विचारावयाचे असतात, आणि तिनें ते अवश्य विचारावेत.

आतां या सवलतींचा उपयोग किती होतो, तें पाहूं. एकाच राज्यानें त्या दिल्या असत्या तर गोष्ट वेगळी. पण कर्नाटकानें दिल्या, आंध्रानें दिल्या, तामिळनाडूनें दिल्या, गुजरातनें दिल्या. आणि सर्वांनींच दिल्यामुळें कोणासच त्यांचें बळ राहिलें नाहीं. हुंड्याचा बाजार ज्या समाजानें पाहिला आहे त्याला हें समजावून सांगावयास नको. एका वराच्या दारांत चार मुलींचे बाप उभे राहिले म्हणजे वराची योग्यता वाढत नाहीं, त्याची मागणी तेवढी वाढते. सप्टेंबर २०२२मध्यें वेदांत व फॉक्सकॉन या कंपन्यांनीं संगणकाच्या चिप बनविण्याचा १ लाख ५४ हजार कोटी रुपयांचा प्रकल्प गुजरातेंत काढण्याचें ठरविलें. तो तळेगांवास येईल अशी महाराष्ट्रास आशा होती. "कोणाच्या कारकीर्दींत गेला?" यावरून आपल्याकडे मोठें रण माजलें. जुलै २०२३मध्यें फॉक्सकॉननें अंग काढून घेतलें आणि ती जोडी मोडली. ज्या वरासाठीं दोन घरें हमरीतुमरीवर आलीं, तो वर बोहल्यावर चढलाच नाहीं. घोषणेवरून हर्ष किंवा शोक करूं नये, एवढा बोध त्यांतून घेण्यासारखा आहे.

मग सवलतींनीं धंदा येत नसेल, तर तो येतो कशानें? याचें एक उत्तर आपल्याच घरांतून निघालेल्या कंपनीच्या इतिहासांत आहे. इन्फोसिस ही आज बंगळूरची म्हणून ओळखली जाते. पण तिचा जन्म १९८१ सालीं पुण्यांतला. १९८३ सालीं ती बंगळुरास गेली. त्या वेळीं कर्नाटकाचें आयटी धोरण अस्तित्वांतही नव्हतें. ती गेली, कारण भारतांतील तिचें पहिलें गिऱ्हाईक, मायको हा कारखाना, बंगळुरास होता. नाशिककरांस हें नांव सांगावयास नको. त्याच मायकोचा कारखाना सातपुरास आहे, आणि कंपनीचें नांव बदलून बॉश झालें तरी आपला चौक मायको सर्कलच राहिला आहे. कोणी माफी दिली म्हणून ती कंपनी गेली नाहीं. कोणी काम दिलें म्हणून गेली.

बंगळूरचा पुढचा उत्कर्षही असाच पहावा. १९०९ सालीं तेथें टाटांच्या देणगींतून विज्ञानसंस्था निघाली, १९४० सालीं विमानांचा कारखाना निघाला, १९५४ सालीं सरकारनें भारत इलेक्ट्रॉनिक्स काढली. म्हणजे सॉफ्टवेअर येण्यापूर्वीं दोन पिढ्या तेथें अवघड यंत्रांवर काम करणारा सुशिक्षित वर्ग नांदत होता. पुण्यांत १८५४ पासून अभियांत्रिकीचें शिक्षण चाललें आहे, १९८८ सालीं महासंगणकासाठीं सी-डॅक ही संस्था तेथें निघाली. मग एमआयडीसीनें हिंजवडीस जागा आंखली तेव्हां ती भरली. आयर्लंड या लहानशा देशाची कथाही निराळी नाहीं. तेथें कंपन्यांवरील कर कमी आहे, २००३ पासून तो साडेबारा टक्के होता, हें सर्वांस ठाऊक असतें. पण १९६७ पासून तेथील माध्यमिक शिक्षण सर्वांस मोफत झालें, आणि १९७३ सालीं तो देश युरोपच्या बाजारांत सामील झाला, हें फारसें कोणी सांगत नाहीं. १९८९ सालीं इंटेल तेथें आली ती त्या शिकलेल्या पिढीकडे व त्या बाजाराकडे पाहून. करसवलत हें आमंत्रण होय. जेवण दुसऱ्यांनीं आधींच रांधून ठेवलेलें होतें.

नाशिककडे या दृष्टीनें पाहिलें तर एक मौज आढळते. या शहरानें सरकारच्या हातून उद्योग मिळविण्याचा अनुभव पुष्कळ घेतलेला आहे, आणि तो चांगला आहे. इंग्रजी अमदानींत आपलीं टपालतिकिटें लंडनची डी ला रू ही कंपनी छापून पाठवीत असे. १९२५ सालीं सरकारनें नाशिकरोडास मुद्रणालय उभारून तें काम येथें आणलें, आणि १९२८ सालीं नोटांचा छापखाना त्याच्या जोडीस आला. लंडनचें काम नाशकांत आणणें हा शोध आजच्या पिढीचा नव्हे, तो शंभर वर्षांचा आहे! "प्रेसमध्यें" नोकरी या दोन शब्दांवर येथील किती घरें उभी राहिलीं, किती मुलांचीं शिक्षणें झालीं, त्याची गणती नाहीं. पुढें १९६२ सालीं यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ सालीं ते नाशकांतून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, आणि १९६४ सालीं ओझरास मिग विमानांचा कारखाना निघाला. एमआयडीसीची स्थापना १९६२ची. तिच्या सातपूर व अंबड वसाहतींत मोठे कारखाने आले, आणि त्यांना सुटे भाग पुरविणारीं शेंकडों लहान वर्कशॉपें त्यांच्या भोंवतीं वाढलीं. या तिन्ही वेळीं क्रम एकच होता. आधीं काम आलें. कामामागून माणसें आलीं. माणसांमागून वस्ती, शाळा व दुकानें आलीं.

आयटीच्या वेळीं हा क्रम उलटला. या शतकाच्या आरंभीच्या काळांत एमआयडीसीनें अंबडास आयटीसाठीं म्हणून इमारत बांधली. हेतु चांगला होता, इमारतही उभी राहिली. पण तिची बरीचशी जागा अनेक वर्षें रिकामी राहिली, आणि शहरांत ती थट्टेचा विषय झाली. तिचा दोष विटा-सिमेंटांत नव्हता. मोठ्या कंपनीचा अधिकारी मुंबईहून निघून सकाळीं येऊन संध्याकाळीं परत जाऊं शकेल, अशी खात्रीची विमानसेवा नव्हती. २०१४ सालीं ओझरास टर्मिनल झालें, तरी पुढें कित्येक वर्षें विमानें कधीं सुरू तर कधीं बंद. पुण्याशीं थेट लोहमार्ग नाहीं. वेगवान गाडीचा मार्ग आंखला, तर नारायणगांवाजवळील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीस त्याचा उपद्रव होईल म्हणून तो बाजूस ठेवावा लागला. आणि सर्वांत मोठें म्हणजे, इमारतींत बसून करावयाचें काम कोणाचें, हें इमारत बांधतांना कोणीं ठरविलेलें नव्हतें. सूतिकागृह बांधलें म्हणून पाळणा हलत नाहीं.

नाशकांत आयटी नाहींच, असें मात्र कोणी समजूं नये. डब्ल्यूएनएसचा उल्लेख वर आलाच आहे. डेटामॅटिक्स ही मुंबईची कंपनी येथें बरींच वर्षें काम करते. ईएसडीएस ही २००५ सालीं निघालेली कंपनी तर सातपूरची. सहकारी बँका व सरकारी खातीं यांची माहिती सांभाळणारें डेटा सेंटर ती चालविते. विन्जित ही २००४ सालीं येथेंच निघाली. या कंपन्यांतील माणसें सकाळीं आपल्या घरून डबा घेऊन निघतात आणि रात्रीं आपल्या घरीं जेवतात. त्या कांहीं सरकारी इमारत रिकामी आहे म्हणून जन्मास आल्या नाहींत. येथें राहावयाचें असें कोणीं तरी ठरविलें म्हणून जन्मास आल्या. २०२०च्या टाळेबंदींत तर एक विलक्षण प्रयोग आपोआप झाला. पुण्या-बंगळुराचीं मुलें लॅपटॉप घेऊन घरीं आलीं आणि दिवाणखान्यांत बसून त्याच कंपन्यांचें तेंच काम करूं लागलीं. नाशकास माणूस नाहीं, वीज नाहीं कीं तार नाहीं, ही सबब तेव्हां कायमची निकालांत निघाली. उणीव आहे ती कामाचा हुकूम देणाऱ्या गिऱ्हाइकाची.

म्हणून सरकारकडे मागावयाचें तें हेंच. आमच्या मतें राज्य सरकारनें नाशकास आणखी एक इमारत देण्यापेक्षां स्वतःच गिऱ्हाईक व्हावें. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून येथें आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून येथें आहे. दोहोंच्या परीक्षा राज्यभर चालतात, आणि प्रवेशापासून निकालापर्यंतचें त्यांचें सारें काम संगणकाचें आहे. आदिवासी विकास आयुक्तालय येथें आहे; आश्रमशाळा, वसतिगृहें व शिष्यवृत्त्या यांची नोंद ठेवणें हेंही तसेंच काम. धरणांचें संशोधन करणारी 'मेरी' येथें आहे, पोलीस प्रबोधिनी येथें आहे. आणि बारा वर्षांनीं येणारा सिंहस्थ! २०१५च्या सिंहस्थापूर्वीं, मूळचे नाशिकचे व आतां अमेरिकेंत एमआयटींत संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या प्रेरणेनें येथील तरुणांनीं 'कुंभथॉन' चालविला, गर्दी व रोगराई यांवर संगणकाच्या साह्यानें उपाय शोधले. त्यांतूनच पुढें टाटा कन्सल्टन्सीच्या साह्यानें 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' ही संस्था नाशकांत उभी राहिली. २०२६-२७च्या सिंहस्थासाठीं २०२५ सालीं स्वतंत्र प्राधिकरण झालें. अशा प्राधिकरणाच्या कामाचा योग्य वांटा येथील कंपन्यांस मिळणें, हें दहा कोनशिलांच्या बरोबरीचें आहे.

यावर कोणी म्हणेल, सरकारचें काम घेणें म्हणजे देयकासाठीं उंबरठे झिजविणें. तें खोटें नाहीं. शिवाय निविदेंत "गेल्या तीन वर्षांत इतक्या कोटींची उलाढाल" अशी अट घातलेली असते, आणि तिनें लहान स्थानिक कंपनी दारांतच अडते. मग मोठी कंपनी काम घेते आणि त्याच लहान कंपनीकडून निम्म्या पैशांत करून घेते. पण ह्याच तर सरकारच्या हातांतल्या गोष्टी आहेत! देयक ठरल्या दिवशीं देणें आणि मोठ्या निविदेचे लहान भाग पाडणें, यांस ना जमीन लागते ना करमाफी. १९९१ सालीं केंद्र सरकारनें जसा कायद्यांतला धोंडा उचलला, तसा हा उचलावयाचा. राज्यानें २०२५ सालीं परदेशी कंपन्यांच्या मोठ्या सेवाकेंद्रांसाठीं निराळें धोरण केलें आहे, तें चांगलेंच. पण पाहुण्यासाठीं पाट मांडतांना घरच्या मुलास उपाशी ठेवूं नये.

ही निकड दुसऱ्या एका कारणानें वाढली आहे. फोनवर ठराविक उत्तरें देणें, कागदावरची माहिती संगणकांत भरणें, हीं ज्या कामांवर लहान शहरांतील केंद्रें उभीं राहिलीं तींच कामें कृत्रिम बुद्धिमत्ता झपाट्यानें शिकत आहे. जुलै २०२५मध्यें टाटा कन्सल्टन्सीसारख्या कंपनीनें सुमारें २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर, माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. तेव्हां कालचें पुणें उद्यां नाशकांत आणूं, असा बेत करणें म्हणजे सुटलेल्या गाडीचें तिकीट काढणें होय. जें काम येथल्याच अडचणींतून निघतें, द्राक्षबागेचें, कारखान्याचें, यात्रेचें, सहकारी बँकेचें, तें परक्या यंत्रास सहज हिरावून नेतां येणार नाहीं. कारण तें समजण्यास येथें राहावें लागतें.

सरकारास इतका उपदेश केल्यावर आपल्या घरांत पाहणेंही ओघानेंच येतें. मुलाचें किंवा मुलीचें लग्न ठरवितांना "नाशकांतल्याच एका कंपनींत आहे" असें ऐकलें कीं आपला चेहरा किंचित् उतरतो, आणि "पुण्यास, मोठ्या कंपनींत" म्हटलें कीं तो खुलतो. पगाराचा आंकडा आपण विचारतों. पुण्याच्या घरभाड्याचा, हिंजवडीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या तासांचा आणि मागें राहिलेल्या दोन म्हाताऱ्या माणसांचा हिशेब त्यांतून वजा करीत नाहीं. एखादा तरुण येथेंच चार मित्रांसह कंपनी काढूं म्हणतो, तेव्हां त्याला पहिला विरोध सरकारकडून होत नसून दिवाणखान्यांतून होतो. गांवच्या लहान कंपनीस गांवचें चांगलें माणूसच मिळालें नाहीं, तर ती मोठी कशी व्हावी?

पुढच्या खेपेस कोणी उमेदवार दारीं येऊन "आयटी पार्क आणतों" म्हणाला, तर त्यास चहा द्यावा आणि एवढेंच विचारावें कीं, "त्यांत काम कोणाचें असेल?" त्याला उत्तर सांगतां आलें तर ऐकून घ्यावें. आणि तोंवर आपल्या घरांतील कोणी येथेंच राहून कांहीं करूं पाहत असेल, तर त्यास निदान दोन वर्षें तरी अडवूं नये.